व्यत्ययातून सुचणारी कल्पना: विज्ञान, अवकाशमोहिमा आणि सर्जनशीलता

वक्ररेषा

सर्जनशीलतेचा विषय निघाला की बोलणे लवकरच मोकळेपणाकडे वळते. मनावर बंधन नसावे, नियमांची आडकाठी नसावी, म्हणजे कल्पनाशक्तीला बहर येतो, असे आपण सहसा गृहीत धरतो. अवकाशसंशोधनाचा इतिहास वाचताना मला मात्र वारंवार निराळेच चित्र दिसते. तिथले नियम कोणालाही मोडता येत नाहीत. त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रक्षेपकाचे समीकरण कोणाच्याही उत्साहाला भीक घालत नाही. वेगात समान टप्प्यांनी वाढ हवी असेल, तर उड्डाणाच्या वेळचे वस्तुमान प्रत्येक टप्प्याला ठरावीक पटीने वाढत जाते आणि थोड्याच टप्प्यांत ते आवाक्याबाहेर पोहोचते. तरीही मानवी कल्पकतेची काही अतिशय देखणी उदाहरणे याच क्षेत्रात सापडतात.

ही कल्पकता येते कुठून, याविषयी माझे एक मत बनत गेले आहे. बाकीचे सगळे ज्या गोष्टीला व्यत्यय, त्रुटी किंवा किरकोळ फरक समजून बाजूला सारतात, तिच्याकडेच कोणीतरी थांबून पाहतो आणि पुष्कळदा विज्ञानातली मोठी कल्पना तिथे जन्माला येते.

पहिले उदाहरण केप्लरचे. मंगळाच्या गतीसाठी त्याने वर्तुळावर आधारलेली जी रचना उभी केली होती, ती टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी जवळजवळ जुळत होती. काही ठिकाणी फरक पडत होता तो आठ कलांचा, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या जेमतेम पाव भागाएवढा. त्याच्या आधीच्या शतकांत एवढा फरक कोणाच्या लक्षातही आला नसता, कारण निरीक्षणेच तितकी अचूक नव्हती. टायकोची निरीक्षणे विश्वासार्ह आहेत हे केप्लरला ठाऊक होते, म्हणून त्याने त्या आठ कला झाकून टाकल्या नाहीत. उलट वर्षानुवर्षांच्या मेहनतीने उभारलेली स्वतःची रचना मोडली. ग्रहाची कक्षा वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे, हा १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष त्या मोडतोडीतून आला. दोन हजार वर्षे वर्तुळाला जो मान होता तो लक्षात घेतला, तर ही कल्पना किती धाडसी होती ते कळते.

दुसरे उदाहरण ओले रोमरचे. गुरूच्या आयो या उपग्रहाला साधारण साडेबेचाळीस तासांनी ग्रहण लागते. या ग्रहणांची अचूक कोष्टके तयार झाली, तर त्यांचा घड्याळासारखा उपयोग करून रेखांश ठरवता येतील, अशी त्या काळच्या खगोलशास्त्रज्ञांची उमेद होती. पण कोष्टके चुकत होती. पृथ्वी गुरूकडे सरकत असताना ग्रहणे लवकर दिसत आणि दूर जात असताना उशिरा. कोष्टके करणाऱ्याच्या दृष्टीने ही निव्वळ कटकट होती. रोमरने १६७६ मध्ये असे मांडले की दोष ग्रहणांत नाही. प्रकाशाला आपल्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि हा उशीर म्हणजे त्या वेळेचेच माप आहे. प्रकाशाचा वेग मर्यादित असल्याचा पहिला ठोस पुरावा त्या कटकटीतून मिळाला.

तिसरे उदाहरण मला सर्वांत प्रिय आहे. एका ग्रहाकडे जाणारे यान वाटेत दुसऱ्या ग्रहाजवळून गेले, तर त्या ग्रहाच्या ओढीने त्याचा मार्ग वाकतो. मार्ग आखणाऱ्यांच्या लेखी ही प्रामुख्याने दुरुस्त करायची बाब होती. १९६१ मध्ये मायकेल मिनोविच या विद्यार्थ्याने तीन वस्तूंच्या गतीचे गणित संगणकावर सोडवताना त्या ओढीकडे ऊर्जेचा स्रोत म्हणून पाहिले. ग्रहावरून पाहिले तर यान ज्या वेगाने येते त्याच वेगाने दूर जाते, केवळ त्याची दिशा बदललेली असते. सूर्याच्या संदर्भात मात्र ग्रह स्वतः प्रचंड वेगाने धावत असतो, आणि दिशा बदलताना त्या गतीतला काही वाटा यानाला मिळतो. ग्रहाची गती त्या प्रमाणात घटते, पण दोघांच्या वस्तुमानांत इतकी तफावत असते की ती घट मोजताही येत नाही. पुढे १९६५ मध्ये गॅरी फ्लँड्रो यांच्या लक्षात आले की १९७० च्या दशकाच्या अखेरीस गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून अशा स्थितीत येणार आहेत की एकच यान चौघांनाही भेटू शकेल. असा योग सुमारे १७५ वर्षांनी येतो. व्हॉयेजर २ ने १९७९ ते १९८९ या काळात नेमके तेच केले.

या तिन्ही प्रसंगांत कोणी नियमातून सुटका शोधली नाही. नियम आणखी काटेकोरपणे पाळला. आपल्याला हे पटते का आणि याच्या विरोधात जाणारी उदाहरणे कोणती, हे जाणून घ्यायला आवडेल.

लंबक

आपली मांडणी आवडली, पण इतिहासातून निवडलेली उदाहरणे यशस्वी ठरलेल्यांची आहेत, म्हणून तिची दुसरी बाजू मांडतो.

युरेनसच्या गतीत फरक पडत होता. ल व्हेरिए यांनी तो व्यत्यय गांभीर्याने घेतला, त्यामागे एक अज्ञात ग्रह असावा असे मानून त्याचे स्थान गणिताने काढले आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी गॅले यांना त्या स्थानापासून एका अंशाच्या आत नेपच्यून दिसला. कागदावरच्या गणितातून ग्रह सापडावा, ही विज्ञानाच्या इतिहासातली अत्यंत थरारक घटना आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे त्याच ल व्हेरिए यांनी बुधाच्या कक्षेचा अभ्यास केला. बुधाचा उपसूर्य बिंदू, म्हणजे कक्षेतला सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू, अपेक्षेपेक्षा थोडा जास्त सरकतो. आजच्या मोजमापानुसार हा फरक शतकाला सुमारे ४३ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आहे. त्यांनी पुन्हा तोच उपाय योजला आणि सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा असे १८५९ मध्ये सुचवले. त्या ग्रहाला व्हल्कन असे नावही मिळाले. अनेक निरीक्षकांनी तो शोधला, काहींनी तो पाहिल्याचे सांगितलेही, परंतु असा ग्रह नव्हताच. त्या ४३ विकलांचे उत्तर १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताने दिले.

दोन्ही वेळी माणूस तोच, चिकाटी तीच आणि बारीकसारीक फरकाविषयीचा आदरही तोच. एकदा ज्या कल्पनेने ग्रह मिळवून दिला, तीच दुसऱ्यांदा वाट अडवून बसली. व्यत्ययाकडे लक्ष देणे आवश्यक आहे हे मान्य, पण तेवढ्याने सर्जनशीलता सिद्ध होत नाही. या व्यत्ययाला कोणत्या प्रकारचे उत्तर हवे आहे हे ओळखणे खरे अवघड, आणि त्यासाठी मला कोणतीही रीत दिसत नाही.

जाता जाता एक पुरवणी. ग्रह-उपग्रहांची ओढ वापरण्याचा विचार मिनोविच यांच्याआधीही झाला होता. ऑक्टोबर १९५९ मध्ये चंद्राच्या मागच्या बाजूची पहिली छायाचित्रे घेणाऱ्या लूना ३ या यानाचा परतीचा मार्ग चंद्राच्या ओढीनेच असा वळवला होता, की ते सोव्हिएत केंद्रांना संदेश घेता येतील अशा दिशेने परतावे.

वक्ररेषा

लंबक, बुधाचे उदाहरण अतिशय समर्पक आहे आणि ते माझ्या म्हणण्याला छेद देण्यापेक्षा त्याची हद्द ठरवते असे मला वाटते. ल व्हेरिए यांनी बुधाच्या बाबतीत फरक मोजला तो जवळजवळ बरोबर आणि नंतर इतरांनी तो अधिक अचूक केला, म्हणूनच पुढे आइनस्टाइन यांना आपला सिद्धांत पडताळण्यासाठी एक पक्के माप तयार मिळाले. उत्तर फसले तरी प्रश्न जपला गेला. विज्ञानात हेही सर्जनाचे काम आहे आणि त्याचे श्रेय आपण फारसे देत नाही.

उपकक्षा

अवकाशयानांच्या तांत्रिक बाजूत मला विशेष रस आहे, म्हणून त्या अंगाने लिहिते.

सूर्यप्रकाशाचा दाब फार क्षीण असतो, पण यानावर तो अखंड पडत राहतो आणि त्याची दिशा हळूहळू बिघडवतो. अभियंत्यांच्या हिशेबात त्याची नोंद उपद्रव अशीच असते. १९७४ मध्ये शुक्राच्या ओढीचा आधार घेऊन बुधाकडे गेलेले मरिनर १० हे यान दिशा सांभाळण्यासाठी लागणाऱ्या वायूच्या टंचाईत सापडले, तेव्हा नियंत्रकांनी त्याची सौर पॅनेल विशिष्ट कोनात वळवून सूर्यप्रकाशाच्या दाबानेच यान सावरले. याच मोहिमेत आणखी एक सुंदर गोष्ट घडली. बुधाच्या पहिल्या भेटीनंतर यानाचा सूर्याभोवतीचा फेरा बुधाच्या वर्षाच्या दुप्पट होऊ शकतो आणि ते पुन्हा बुधापाशी येऊ शकते, हे जुझेप्पे कोलंबो यांनी दाखवून दिले. त्यामुळे एका भेटीच्या तीन भेटी झाल्या.

केप्लर दुर्बिणीची कथा याहून ठळक आहे. २००९ मध्ये सोडलेल्या या दुर्बिणीला ताऱ्यांकडे स्थिर नजर ठेवायला किमान तीन फिरती चक्रे लागत. तिच्याकडे चार होती; त्यांपैकी एक २०१२ मध्ये आणि दुसरे २०१३ मध्ये बंद पडले. दोन चक्रांवर दुर्बीण दोन अक्षांत स्थिर राहते, तिसऱ्या अक्षाभोवती मात्र सूर्यप्रकाशाच्या दाबाने वळत जाते. मोहीम संपली असे वाटत असताना, या दाबालाच तिसऱ्या चक्राचे काम देता येईल असा उपाय पुढे आला. यानाची बाजू सूर्याकडे अशी ठेवायची की प्रकाशाचा दाब दोन्ही अंगांवर समान पडेल, आणि उरलेली किरकोळ घसरण इंधनाच्या छोट्या झोतांनी सावरायची. सूर्य सरकतो तसा हा समतोल बिघडतो, म्हणून दर सुमारे ८० दिवसांनी आकाशाचा नवा तुकडा निवडायचा. या पद्धतीने दुर्बीण २०१४ पासून इंधन संपेपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत काम करत राहिली आणि पूर्वी तिच्या वाट्याला न आलेले आकाशाचे कितीतरी भाग तिने पाहिले. ज्याच्याविरुद्ध चक्रे लढत होती त्यालाच हाताशी धरले गेले. वक्ररेषा यांच्या मताला यापेक्षा चपखल उदाहरण मला तरी माहीत नाही.

मात्र अशी प्रत्येक सुटका या साच्यात बसत नाही, हेही सांगायला हवे. गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाचा छत्रीसारखा उघडणारा मुख्य अँटेना १९९१ मध्ये अडकला. तिथे व्यत्ययाचे साधन वगैरे काही झाले नाही. अँटेना शेवटपर्यंत उघडला नाही. लहान अँटेनावरून मिळणारी गती मूळ योजनेच्या तुलनेत नगण्य होती. यानावरच्या संगणकात माहिती आक्रसून पाठवण्याच्या नव्या आज्ञावल्या भरल्या, पृथ्वीवर अनेक तबकड्या एकत्र जोडून ऐकण्याची ताकद वाढवली, काय पाठवायचे आणि काय सोडायचे याची कठोर निवड केली, आणि मोहिमेची बहुतांश उद्दिष्टे साधली. ही पुष्कळ माणसांनी वर्षानुवर्षे केलेली कष्टाची, बारकाव्याची कामे आहेत. त्यांत एखादा चमकदार क्षण दाखवता येत नाही, तरी मी त्यांना सर्जनशीलच म्हणेन.

मृगशीर्ष

मूळ प्रश्न विरोधी उदाहरणांचा होता, म्हणून एक ठेवतो. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बीण सप्तर्षींजवळच्या आकाशाच्या एका अगदी लहान तुकड्यावर सलग दहा दिवस रोखली होती. तो तुकडा मुद्दामच असा निवडला होता की तिथे जवळजवळ काहीही नसावे. दुर्बिणीच्या वेळेसाठी जगभरातून अर्ज येत असताना रिकाम्या आकाशाकडे पाहण्यात तो खर्च करावा का, याविषयी मान्यवर शास्त्रज्ञांनी शंका व्यक्त केल्या होत्या. दुर्बिणीचे काम पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी संचालकाच्या अधिकारातला वेळ त्यासाठी दिला. तीनशे बेचाळीस छायाचित्रे एकत्र केल्यावर त्या तुकड्यात सुमारे तीन हजार दीर्घिका दिसल्या.

इथे ना कोणती त्रुटी होती, ना जुळत नसलेला आकडा. पाहिल्याशिवाय काय आहे ते कळणार नाही, एवढीच भूमिका होती. विज्ञानातली सगळी कल्पकता अडचणीतून येते असे म्हटले, तर अशा निखळ कुतूहलाला जागा उरत नाही आणि अवकाशसंशोधनाचा प्राण तर तोच आहे.

वक्ररेषा

मृगशीर्ष, हे उदाहरण माझ्या मताबाहेरचे आहे, ते ओढूनताणून आत बसवणार नाही. कुतूहल हा कल्पकतेचा स्वतंत्र उगम आहे आणि कोणतेही फळ आधी कबूल न करता त्याच्यासाठी वेळ राखून ठेवणारी व्यवस्था असायला हवी, हे मनापासून मान्य. त्या दहा दिवसांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो संचालकाचा राखीव वेळ. प्रत्येक तास समितीच्या संमतीनेच वाटला गेला असता, तर हा प्रयोग बहुधा त्या वेळी झालाच नसता.

शून्यांश

व्यवस्थेचा उल्लेख झाला म्हणून नासाचे अभियंता जॉन हुबोल्ट यांची आठवण होते. चंद्रावर माणूस नेण्यासाठी सुरुवातीला दोन मार्ग पुढे होते. एक, अवाढव्य प्रक्षेपकाने थेट चंद्रावर उतरणे. दुसरा, पृथ्वीच्या कक्षेत भाग जोडून निघणे. दोन्हींत परतीचे इंधन आणि उष्णतारोधक कवच यांच्यासह अख्खे यान चंद्रावर उतरवावे आणि पुन्हा उचलावे लागणार होते. चंद्राच्या कक्षेत मुख्य यान ठेवून फक्त एक हलके वाहन खाली न्यावे, या पर्यायाचा हुबोल्ट यांनी सतत पाठपुरावा केला. प्रस्ताव परत परत बाजूला पडल्यावर त्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये वरिष्ठांची उतरंड ओलांडून थेट नासाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एकाला पत्र लिहिले. जुलै १९६२ मध्ये तोच मार्ग अधिकृतपणे स्वीकारला गेला. मूळ कल्पना त्यांचीही नव्हे. युरी कोंद्रात्युक यांनी कित्येक दशके आधी ती लिहून ठेवली होती.

या निर्णयातून जे चांद्रवाहन घडले ते आजवरच्या सर्वांत प्रामाणिक रचनांपैकी एक आहे. ते कधीच हवेतून जाणार नव्हते, म्हणून त्याला निमुळता आकार नव्हता. वजन कमी करण्यासाठी आसने काढली; अंतराळवीर उभे राहिल्यामुळे त्यांचे डोळे काचेजवळ आले, त्यामुळे खिडक्या लहान करता आल्या आणि त्यातून आणखी वजन वाचले. सौंदर्याचा विचार कोणी केला नव्हता, तरी त्या ओबडधोबड वाहनाकडे पाहताना मला एखाद्या उत्तम सिद्धतेइतकाच आनंद होतो.

लंबक

शून्यांश यांच्या शेवटच्या वाक्यावरून एक प्रश्न मनात आला. मार्च २००६ मध्ये सोडलेल्या एसटी ५ या तीन लहान उपग्रहांवरचा अँटेना माणसाने रेखाटलेला नव्हता. संगणकाने हजारो यादृच्छिक आकार तयार केले, चांगल्या आकारांचे संकर आणि बदल करत पिढ्यामागून पिढ्या चाळल्या, आणि शेवटी वेड्यावाकड्या वाकलेल्या तारेचा एक आकार हाती आला, जो कोणत्याही अभियंत्याला सहज सुचला नसता. मोहिमेची कक्षा मध्येच बदलली, तेव्हा नव्या गरजेनुसार नवा आकारही लवकर मिळाला. याला सर्जनशीलता म्हणायचे की नाही? म्हणायचे नसेल, तर का?

उपकक्षा

आकार नवा आणि उपयुक्त असेल, तर त्याला सर्जन म्हणायला मला संकोच वाटत नाही. फक्त त्या प्रक्रियेत 'चांगला' आकार कोणता हे आधीच ठरवून दिलेले होते: अमुक दिशांना अमुक ताकद, अमुक वारंवारिता. केप्लरच्या काळात 'चांगली कक्षा' म्हणजे वर्तुळांची योग्य जुळणी असे ठरलेले होते. तीच कसोटी देऊन यंत्राला शोधायला बसवले असते, तर त्याने वर्तुळावर वर्तुळे चढवून आठ कलांचा फरक नक्कीच मिटवला असता, कारण पुरेशी वर्तुळे घेतली की जवळपास कोणताही मार्ग रेखाटता येतो. फरक मिटला असता आणि लंबवर्तुळ हाती लागले नसते. कसोटीच बदलायला हवी हे ज्याला कळते, तो मला वेगळ्या पायरीवर दिसतो. यंत्रे त्या पायरीवर कधीच पोहोचणार नाहीत असे माझे म्हणणे नाही. या अँटेनाच्या बाबतीत ती पोहोचली नव्हती, एवढेच.

मृगशीर्ष

या चर्चेला आजच्या काळाशी जोडणारी एक बाब आहे. आता दुर्बिणींतून येणारी माहिती माणूस क्वचितच कच्च्या स्वरूपात पाहतो. १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांनी कागदाच्या लांबच लांब पट्ट्या डोळ्यांनी तपासल्या, म्हणून त्यांना एक बारीकशी खूण खटकली आणि स्पंदक तारे सापडले. आज तशी खूण आज्ञावली आधीच पुसून टाकण्याची शक्यता आहे. व्यत्ययातून कल्पना सुचते हे खरे असेल, तर व्यत्यय कोणाच्या नजरेसच न पडता गाळले जाणे चिंताजनक नाही का?

वक्ररेषा

चिंताजनक आहे, आणि त्याचबरोबर सगळे व्यत्यय जपणेही शक्य नाही, ही खरी कोंडी आहे. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीच्या दोन कथा यासाठी शेजारी ठेवाव्यात. तिथे वर्षानुवर्षे काही विचित्र संकेत नोंदले जात होते. ते खगोलीय नसावेत अशी शंका होतीच. २०१५ मध्ये उलगडा झाला तो असा, की वेधशाळेतल्या मायक्रोवेव्ह भट्टीचे दार ती चालू असतानाच उघडले की ते उमटत. दुसरीकडे, त्याच दुर्बिणीने २००१ मध्ये नोंदवलेला, काही सहस्रांश सेकंद टिकलेला एक जोरदार रेडिओ स्फोट सहा वर्षे जुन्या नोंदींत पडून होता. २००७ मध्ये डंकन लोरिमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या त्या नोंदी पुन्हा चाळल्या, तेव्हा तो प्रकाशात आला. भट्टीच्या संकेतांमुळे हा स्फोटही पृथ्वीवरचाच असेल अशी शंका काही काळ घेतली गेली, आणि ती घेणे योग्यच होते.

दोन्ही संकेत वरवर पाहता एकमेकांसारखे होते. त्यांतला कोणता जपावा हे २००१ मध्ये कोणालाही सांगता आले नसते. नोंद पुसली गेली नव्हती, म्हणूनच प्रश्न विचारता आला. त्यामुळे नव्या दुर्बिणींच्या आराखड्यांत कच्ची माहिती किती काळ ठेवायची आणि नकोशी ठरवलेली माहिती निदान नमुन्यादाखल तरी राखायची का, हा मला साठवणुकीच्या खर्चापुरता प्रश्न वाटत नाही.

उपकक्षा

त्या स्फोटाच्या कथेत पुढची भरही घालते. २८ एप्रिल २०२० रोजी आपल्याच आकाशगंगेतल्या एका मॅग्नेटारकडून, म्हणजे अतितीव्र चुंबकीय क्षेत्र असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याकडून, तशाच प्रकारचा रेडिओ स्फोट टिपला गेला. निदान काही स्फोटांचा उगम त्यामुळे कळला. काही स्फोट मात्र पुन्हा पुन्हा होतात आणि पुष्कळसे एकदाच नोंदले जातात. हे दोन प्रकार मुळात वेगळे आहेत की आपण पुरेसा वेळ पाहिलेले नाही, याचा निकाल लागायचा आहे. लंबक यांनी सांगितलेला बुध आणि युरेनस यांचा पेच इथे पुन्हा उभा आहे.